पादांगुष्ठाची वक्रता : गृहोपचारांची मर्यादा आणि वैद्याचे कर्तव्य

आपल्या चिकित्सालयात पायाची तक्रार बहुधा सर्वांत शेवटी येते. गुडघा, कंबर, पित्त, झोप हे सारे सांगून झाले, औषधाची पुडी हातात पडली, की उठता उठता रुग्ण म्हणतो, "आणि वैद्यराज, अंगठ्याचे हे हाड जरा वाढले आहे. लावायला काही द्या." बाहेर दहा जण बसलेले असतात. अशा वेळी एखादे तेल, एखादी लेपगोळी सुचविली जाते आणि विषय संपतो. रुग्ण ते तेल काही महिने नेमाने चोळतो. हाड आहे तिथेच राहते, किंबहुना थोडे अधिक पुढे येते. मग तो ठरवतो की आयुर्वेदात यावर औषध नाही. त्याच वेळी दुसरा एखादा विक्रेता त्याला छातीठोकपणे सांगतो की आमच्या लेपाने हाड विरघळते. पहिल्या रुग्णाची श्रद्धा जाते, दुसऱ्याचे पैसे जातात, आणि पाय दोघांचेही दुखतच राहतात.

ज्याला आधुनिक वैद्यक 'हॅलक्स व्हॅल्गस' आणि सामान्य भाषेत 'बुनियन' म्हणते, त्या विकाराबाबत आपण वैद्यांनी आणि औषधी दुकानदारांनी काय सांगावे व काय सांगू नये, याविषयी काही विचार मांडण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विषय क्षुद्र वाटेल. परंतु पाय दुखणारी स्त्री प्रथम फिरणे सोडते, मग देवळात जाणे सोडते, पुढे वजन वाढते, गुडघे धरतात आणि मधुमेह असेल तर तो आटोक्यात राहत नाही. अंगठ्याच्या तक्रारीची ही पुढची वाट लक्षात घेतली म्हणजे तिला क्षुद्र म्हणवत नाही.

विकाराचे खरे स्वरूप

रुग्ण म्हणतो 'हाड वाढले'. हा समज प्रथम दूर करायला हवा, कारण पुढचे सारे गैरसमज त्यातूनच जन्मतात. येथे नवीन हाड उगवलेले नसते. अंगठ्यामागचे प्रपदातील पहिले लांब अस्थी हळूहळू आतल्या बाजूस, म्हणजे दुसऱ्या पायाच्या दिशेने सरकते आणि अंगठा त्याच्या उलट, शेजारच्या बोटांकडे झुकतो. दोहोंमधील सांधा कोनासारखा बाहेर येतो आणि तोच उंचवटा आपल्याला दिसतो. त्यावर पादत्राणाचे सतत घर्षण झाले की त्वचा जाड होते, त्वचेखालील स्नेहपिशवीस सूज येते, लाली व ठणका सुरू होतो. म्हणजे दिसणाऱ्या गाठीत अस्थीची दिशा बदलणे हा एक भाग आणि घर्षणाने आलेला शोथ हा दुसरा भाग असतो. घरच्या उपायांनी दुसरा भाग चांगला शमतो, पहिला सरळ होत नाही. हा भेद रुग्णास पहिल्याच भेटीत सांगितला तर अर्धी निराशा टळते.

अंगठा व त्यामागील अस्थी यांच्यातील कोन साधारणपणे १५ अंशांपेक्षा कमी असतो. तो १५ अंशांच्या पुढे गेला की विकृती मानतात आणि ४० अंशांच्या पुढे गेला की ती तीव्र समजली जाते. हे मोजण्यासाठी रुग्णास उभे करून, पायांवर भार असताना क्ष-किरण छायाचित्र घ्यावे लागते. झोपवून काढलेल्या छायाचित्रात वक्रता प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकते. विकार दुर्मिळही नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यात १८ ते ६५ या वयोगटात सुमारे २३ टक्के आणि ६५ वर्षांपुढील व्यक्तींत सुमारे ३६ टक्के इतके त्याचे प्रमाण आढळले. स्त्रियांत ते पुरुषांपेक्षा अधिक होते.

नावाचा आग्रह नको

आपल्याकडील चर्चासत्रांत अशा विकारांविषयी पहिला प्रश्न विचारला जातो तो असा की, संहितेत याला काय म्हटले आहे? सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या तेराव्या अध्यायात क्षुद्ररोगांत कदर, पाददारी, अलस हे पायाचे विकार सांगितले. कदर म्हणजे आपले कुरूप, पाददारी म्हणजे टाचांच्या भेगा आणि अलस म्हणजे पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या. वातव्याधींत वातकंटक, पादहर्ष, पाददाह आले. पादांगुष्ठाच्या या वक्रतेचे स्वतंत्र वर्णन मात्र यांपैकी कोठेही नाही. मग कोणी त्यास वातकंटकात बसवतो, कोणी कदरात, तर कोणी अस्थिगत वातात.

अशी ओढाताण करण्याचे कारण नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात स्पष्टच सांगून ठेवले आहे की प्रत्येक विकारास ठरलेले नाव असतेच असे नाही, आणि नाव सांगता आले नाही म्हणून वैद्याने लाजू नये. दोष, स्थान व हेतू जाणून चिकित्सा करावी. येथे स्थान अस्थिसंधी, वातप्रकोप उघड आहे, शोथाच्या अवस्थेत पित्त-रक्ताचा अनुबंध आहे आणि मुख्य हेतू रुग्णाच्या पायातच घातलेला आहे. इतके कळले की पुढचा मार्ग दिसतो. चुकीच्या नावाने मात्र चुकीची चिकित्सा सुरू होते. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे वातरक्त.

वातरक्ताशी होणारी गल्लत

वातरक्त पायाच्या मुळापासून सुरू होते, हे आपल्या सर्वांना पाठ असते. अंगठ्याच्या मुळाशी लाल, सुजलेला सांधा दिसला की हात आपोआप कैशोर गुग्गुळाच्या बाटलीकडे जातो. परंतु स्थान एकच असले तरी दोन्ही विकारांची वागणूक निराळी आहे. वातरक्ताचा वेग बहुधा अकस्मात, पुष्कळदा रात्री येतो. काही तासांत वेदना इतकी वाढते की अंगावरच्या चादरीचा स्पर्शही सहन होत नाही, आणि दोन वेगांच्या मध्ये सांधा बराच काळ शांत असू शकतो. पादांगुष्ठाची वक्रता वर्षानुवर्षे हळूहळू वाढते, पादत्राण घातल्यावर दुखते आणि ते काढल्यावर बऱ्याच अंशी निवते. रुग्णास एवढेच विचारावे, "चप्पल काढल्यावर बरे वाटते का?" या एका प्रश्नाने बरीचशी शंका फिटते. उरलेल्या शंकेसाठी रक्तातील युरिक ॲसिड तपासावे. मात्र तीव्र वेगाच्या काळात ते प्रमाण प्राकृतही येऊ शकते, हे ध्यानात ठेवून वेग शमल्यावर पुन्हा तपासणी करावी. दोन्ही पायांच्या अनेक लहान सांध्यांत सूज आणि सकाळी दीर्घकाळ जखडणे असेल, तर आमवाताच्या अंगाने तपास करावा. एकाच रुग्णात वक्रता व वातरक्त एकत्र नांदू शकतात, हेही विसरू नये.

वक्रता असलेल्या रुग्णास वातरक्त समजून महिनोन्महिने गुग्गुळ देणे आणि चप्पल मात्र तीच घालू देणे, यास चिकित्सा म्हणता येणार नाही.

हेतू पायातच आहे

हेतूचा त्याग करणे हेच चिकित्सेचे संक्षिप्त सूत्र आहे, असे सुश्रुताचार्य सांगतात. या विकारात आनुवंशिकता आहे, सांध्यांचे बंध मुळातच सैल असणे आहे, पायाची कमान बसलेली असणे आहे. आई आणि मावशीचे पाय पाहिले की मुलीच्या पायाचे भविष्य पुष्कळदा दिसते. या गोष्टी आपल्या हातात नाहीत. पादत्राण मात्र हातात आहे. १९५८ साली हाँगकाँगमधून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पादत्राणे वापरणाऱ्या चिनी लोकांत ही वक्रता ३३ टक्के आढळली, तर अनवाणी वावरणाऱ्यांत ती २ टक्क्यांहूनही कमी होती. आनुवंशिकतेने दार उघडे ठेवले तरी आत शिरायला वाट देतो तो बहुधा निमुळता बूट.

यावरून 'अनवाणी फिरा' असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानात अनवाणी हिंडण्याची सवय आरोग्यास आणि नेत्रांस अपायकारक म्हटली आहे, आणि मधुमेही रुग्णांनी भरलेल्या आजच्या समाजात तो इशारा अधिकच खरा आहे. चरकाचार्यांनी दिनचर्येत पादत्रधारणाचे जे लाभ सांगितले, त्यांत पायांचे उपद्रव टळणे, बल मिळणे आणि चालणे सुखाचे होणे यांचा समावेश आहे. 'त्राण' म्हणजे रक्षण. जे पायाचे रक्षण करण्याऐवजी त्यालाच चिमटते, त्याला पादत्राण कशाच्या आधारे म्हणावे? दुकानात उभ्या राहणाऱ्या विक्रेत्या, रुग्णालयातील परिचारिका, शाळेतील शिक्षिका, गणवेशाचा बूट बंधनकारक असलेल्या पोलीस भगिनी यांचे दिवसाचे आठ-दहा तास त्याच बुटात जातात. त्यांच्यासाठी हा प्रश्न सौंदर्याचा नसून उपजीविकेचा आहे.

कोल्हापुरी चपलेविषयी रुग्ण हमखास विचारतात. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या या चपलेचा पुढचा भाग उघडा असतो, त्यामुळे बोटे चेपली जात नाहीत, हा गुण खरा. परंतु नव्या चपलेचा कडक पट्टा नेमका उंचवट्यावर येत असेल किंवा अंगठ्याभोवतीचे कडे त्याला आवळत असेल, तर त्या पायाला ती योग्य नव्हे. तळ कडक असल्याने दिवसभर सिमेंटच्या फरशीवर उभे राहण्यासही ती सोयीची नाही. देशी म्हणून हितकर आणि विदेशी म्हणून अहितकर, असा हिशेब पायाला कळत नाही. त्याला जागा आणि आधार एवढेच कळते.

घरी काय करावे

रुग्णास द्यावयाचा सल्ला थोडका, नेमका आणि त्याला घरी करता येण्याजोगा असावा. माझ्या व्यवसायात उपयोगी पडलेला क्रम असा आहे.

पहिली गोष्ट पादत्राणाची परीक्षा. संध्याकाळी, पाय किंचित फुगलेले असताना, रुग्णास कोऱ्या कागदावर उभे करून दोन्ही पायांची बाह्यरेषा पेन्सिलीने काढावी. ती आकृती कापून नेहमीच्या बुटात किंवा चपलेवर ठेवावी. कागद कडेने दुमडला किंवा तळाबाहेर आला, तर पादत्राण अरुंद आहे. रुग्णाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही, कागदच सांगतो. नवे पादत्राण संध्याकाळीच घ्यावे, उभे राहून व चालून पाहावे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा राहावी, पुढचा भाग रुंद असावा, वरचे आवरण मऊ असावे आणि टाच तीन-चार सेंटिमीटरपेक्षा उंच नसावी. 'वापरता वापरता सैल होईल' या आशेवर अरुंद जोडा घेऊ नये. आहे तोच चामडी बूट वापरणे भाग असेल, तर कोपऱ्यावरच्या चर्मकार कारागिराकडून उंचवट्याच्या जागी लाकडी साचा घालून तो ताणून घ्यावा. थोड्या खर्चात होणारे हे काम कित्येक महागड्या तेलांहून अधिक सुख देते.

दुसरी गोष्ट घरातील फरशी. आपल्याकडे घरात चप्पल घालणे अनेकांना रुचत नाही. अशा वेळी बाहेर कधीही न नेलेली, केवळ घरासाठी ठेवलेली मऊ तळाची सपाता वापरावी आणि देवघराबाहेर काढून ठेवावी, असे सुचविले की घरातील ज्येष्ठही मान्य करतात. स्वयंपाकघरात तास-दीड तास कडक फरशीवर उभे राहणाऱ्या गृहिणींना याचा लाभ लवकर जाणवतो.

तिसरी गोष्ट पादाभ्यंग. अष्टांगहृदयकारांनी अभ्यंग शिर, कान व पाय यांस विशेषत्वाने करण्यास सांगितले आहे. चरकाचार्यांनी त्याने पायांचा खरखरीतपणा, स्तब्धता, रुक्षता, श्रम व बधिरता दूर होते असे म्हटले आहे. आषाढी वारीत आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या वारकऱ्यांचे पाय वाटेवर ठिकठिकाणी तेल लावून चोळून दिले जातात. ही सेवा करणाऱ्याला शास्त्र सांगावे लागत नाही, चालणाऱ्याला त्याचे फळ मिळते. घरी एका पायास चमचाभर कोमट तीळतेल, वेदना असल्यास महानारायण किंवा बला तेल घ्यावे. पाच ते सात मिनिटे हलक्या हाताने तळवा, कमान, टाच व पिंडरी चोळावी. उंचवट्यावर जोर देऊ नये. अंगठा चिमटीत धरून हलकेच पुढे ओढावा, मग किंचित आतल्या बाजूस नेऊन दहा-पंधरा आकडे मोजेपर्यंत धरावा. असे पाच वेळा करावे. नंतर तेल पुसून घ्यावे. तेलकट तळव्याने गुळगुळीत फरशीवर चालणारे वृद्ध पडतात आणि अंगठ्याच्या उपचारापायी खुब्याचे हाड मोडून घेतात. बोटांच्या बेचक्यांत तेल राहू देऊ नये, पावसाळ्यात तर मुळीच नाही, कारण चिखल्यांना तेवढा ओलावा पुरतो.

चौथी गोष्ट व्यायाम. खुर्चीत बसून जमिनीवर पसरलेला पंचा पायाच्या बोटांनी गोळा करणे, पाचही बोटे पसरून धरणे, आणि टाच व पुढचा भाग जमिनीवर टेकवून बोटे न मुडपता कमान उचलणे, हे तीन प्रकार रोज पाच-दहा मिनिटे करावेत. कमानीचे स्नायू बळकट झाले की अंगठ्यावरचा भार हलका होतो.

पाचवी गोष्ट शोथावस्थेतील उपचार. उंचवटा लाल व गरम असेल त्या दिवसांत तेल चोळणे आणि शेक दोन्ही थांबवावे. कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे धरावा, पाय उंच ठेवून विश्रांती घ्यावी. दशांग लेप पाण्यात कालवून लावावा. लेप वाळला की काढून टाकावा. रात्री लेप थापून, वर पट्टी बांधून झोपण्याची प्रथा घरोघरी आहे. वाळलेला लेप तसाच राहू देऊ नये आणि सामान्यतः रात्री लावू नये, ही सुश्रुताचार्यांची सूचना आहे. वाळलेला लेप त्वचा ओढतो, आणि ज्या जागी आधीच घर्षण होते तेथील त्वचा फाटण्यास निमित्त मिळते.

जोडव्यांचाही विचार करावा. अंगठा झुकून शेजारच्या बोटावर चढू लागला की त्या बोटातले जोडवे रुतते, खाली त्वचा सोलवटते. रुग्णेला ते काढण्यास सांगणे अवघड जाते, कारण जोडव्यांशी सौभाग्याची भावना निगडित आहे. अशा वेळी सैल, पातळ व उघड्या टोकांचे जोडवे घालावे, सूज असेल तेवढे दिवस देवापाशी काढून ठेवावे, असे घरातील वडीलधाऱ्या स्त्रीच्या उपस्थितीत सांगितले तर मानले जाते.

बोटांच्या मध्ये ठेवण्याची मऊ गादी आणि रात्री बांधण्याची पट्टी यांचा उपयोग वेदना कमी करण्यापुरता आहे. फिनलंडमधील २०९ रुग्णांवरील अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात बुटात घालावयाच्या आधारांनी काही काळ आराम मिळाला, परंतु वर्षाअखेर शस्त्रक्रिया झालेल्यांची स्थिती अधिक चांगली होती. हे सत्य रुग्णापासून लपवू नये.

घरी काय करू नये

ग्रामीण भागात, आणि शहरातही, कुरूप किंवा भेगांवर बिब्बा लावण्याची चाल अजून आहे. शोधन न केलेला बिब्बा त्वचेवर फोड व व्रण उत्पन्न करतो हे आपण जाणतो. बुटाने घासलेल्या उंचवट्यावर तो लावणे म्हणजे व्रणास आमंत्रण होय. कदरासाठी सुश्रुताचार्यांनी ते शस्त्राने काढून तप्त स्नेहाने दहन करण्यास सांगितले आहे. पण ते वैद्याच्या हातचे, चिकित्सालयातील कर्म आहे. दाढीच्या पात्याने कुरूप कापणे हा त्याचा घरगुती अवतार नव्हे. भेगांसाठी राळेचे मलम किंवा कोकमाचे तेल, ज्याला गोव्यात भिरंडेल म्हणतात, ते पुरेसे आहे.

काशाच्या वाटीने तळपाय घासल्यावर तूप काळे पडते आणि 'शरीरातील उष्णता निघाली' असे सांगितले जाते. तो काळपटपणा धातू आणि स्नेह यांच्या घर्षणाचा आहे. वाटीने घासल्यावर पायांना बरे वाटते, झोप लागते, एवढे म्हणणे प्रामाणिक आहे आणि पुरेसेही आहे.

मधुमेही रुग्णाची गोष्ट सर्वस्वी निराळी. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यांच्यापैकी ज्यांच्या पायांची संवेदना मंदावली आहे, त्यांना उंचवट्यावरची जखम दिसेपर्यंत कळत नाही. गरम पाण्यात पाय बुडवणे, शेक घेणे, कुरूपावर आम्लयुक्त पट्टी चिकटवणे या तिन्ही गोष्टी त्यांनी करू नयेत. पाण्याची ऊब पायाने न पाहता कोपराने पाहावी, रोज रात्री तळवे आरशात पाहावेत, बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवावा. दहा ग्रॅमच्या नायलॉन धाग्याने संवेदना तपासण्याची परीक्षा दोन मिनिटांत होते आणि तिला फारसा खर्च नाही. प्रत्येक चिकित्सालयात ती व्हावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.

औषधी दुकानदार बंधूंस

या विकाराचा पुष्कळ रुग्ण वैद्याकडे येतच नाही. तो थेट दुकानात येतो आणि 'पायाच्या हाडावर काहीतरी द्या' म्हणतो. त्या क्षणी दुकानदार हाच त्याचा पहिला सल्लागार असतो. तेल देण्याआधी तीन प्रश्न विचारण्याची विनंती आहे. मधुमेह आहे काय? दुखणे एकाएकी सुरू झाले की वर्षानुवर्षांचे आहे? जखम, स्राव, बधिरता किंवा ताप आहे काय? पहिल्याचे वा तिसऱ्याचे उत्तर 'हो' आले, किंवा दुखणे एकाएकी उद्भवलेले असले, तर बाटलीऐवजी वैद्याचा पत्ता द्यावा. एक विक्री कमी होईल, पण ते गिऱ्हाईक आयुष्यभर तुमचे राहील. 'हाड विरघळवणारे', 'सात दिवसांत अंगठा सरळ' असे लिहिलेला माल दुकानात ठेवू नये. लेबल नसलेली वाताची पुडी तर कोणत्याही भावाने ठेवू नये. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडल्याची उदाहरणे आपल्या सर्वांच्या कानावर आहेत, आणि त्याचा डाग प्रामाणिक औषधावरही पडतो.

एक आक्षेप आणि त्याचे उत्तर

काही व्यवसायबंधू म्हणतील की 'हाड सरळ होणार नाही' असे सांगितले तर रुग्ण निघून जाईल. शिवाय अस्थिगत विकारांत बस्ती आणि तिक्त द्रव्यांनी सिद्ध क्षीर व घृत सांगितले असताना आपण आधीच हार का मानावी? आक्षेप विचार करण्याजोगा आहे. सांध्याची झीज, वेदना, अस्थिधातूचे दौर्बल्य यांत ही चिकित्सा जरूर योजावी. परंतु तिने अंगठ्याचा कोन कमी होतो असे म्हणावयाचे असेल, तर उभ्या स्थितीतील आधीचे व नंतरचे छायाचित्र पुढे ठेवावे लागेल. तसे मोजमाप हाती येईपर्यंत दावा करू नये. आणि हे मोजमाप आपण का करू नये? पायाची कागदी आकृती दर सहा महिन्यांनी काढावी, वेदना शून्य ते दहा या मापाने नोंदवावी, रुग्ण किती वेळ चालू शकतो ते लिहावे. एका चिकित्सालयात वर्षाला दहा रुग्णांची नोंद झाली, तरी संघटनेच्या सभासदांची मिळून ती संख्या मोठी होईल. अशा नोंदी याच त्रैमासिकात प्रसिद्ध व्हाव्यात, अशी संपादक मंडळास विनंती आहे.

राहिला प्रश्न रुग्ण निघून जाण्याचा. आपल्या शास्त्रात साध्य आणि असाध्य यांच्या मध्ये याप्य हा एक वर्ग आहे. त्याचे महत्त्व आपण विसरत चाललो आहोत. कोसळू पाहणाऱ्या घराला नीट लावलेला टेकू जसा सावरून धरतो, तशी योग्य चिकित्सा याप्य रुग्णाला सावरते, असा दृष्टान्त सुश्रुताचार्यांनी दिला आहे. टेकू घर नवे करीत नाही, पण त्या घरात माणसे सुखाने राहू शकतात. पादांगुष्ठाची वक्रता घरच्या उपायांपुरती याप्य आहे. योग्य पादत्राण, अभ्यंग, व्यायाम हा तिचा टेकू. वैद्याने तो नीट लावून दिला तर रुग्ण पुन्हा फिरू लागतो, आणि चालू लागलेला रुग्ण वैद्याला सोडून जात नाही.

पादत्राण बदलूनही वेदना थांबत नसेल, अंगठा शेजारच्या बोटाखाली वा वर गेला असेल, उंचवट्यावर व्रण होत असेल, किंवा कोवळ्या वयातच वक्रता झपाट्याने वाढत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवण्यात संकोच करू नये. शस्त्रसाध्य विकार शस्त्रकर्म करणाऱ्याच्या हाती सोपवणे हीदेखील संहितांचीच शिकवण आहे. शस्त्रक्रियेनंतर पायांचे बळ परत आणण्याचे काम पुन्हा आपल्याकडेच येते.

सरतेशेवटी एक छोटी सूचना. प्रत्येक रुग्णाची नाडी आपण पाहतो, जिव्हा पाहतो. त्याच वेळी त्याला पायांतील जोडे काढून दोन मिनिटे पाय दाखवण्यास सांगावे आणि जोडेही उलटून पाहावेत. कोणती कड झिजली आहे, कोठे फुगवटा आला आहे, हे त्या जोड्यावर लिहिलेले असते. दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या त्रिविध परीक्षेत चिकित्सालयाच्या दाराबाहेर ठेवलेल्या जोड्यांचाही समावेश झाला, तर रुग्णाच्या उठता उठता केलेल्या त्या तक्रारीला बसून उत्तर देता येईल.